पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेतलाय, ओरिजिनल की डुप्लिकेट हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

नवखा_श्रोता

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. बाबांच्या पंचाहत्तरीला म्हणून गेल्या महिन्यात एक ग्रामोफोन घेतला. अष्टकोनी लाकडी पेटी आहे, वर भलामोठा पितळी कर्णा, फुलासारख्या पाकळ्या असलेला, आणि पेटीच्या दर्शनी बाजूला पितळेची पट्टी, त्यावर तो कर्ण्यासमोर बसलेला कुत्रा, हिज मास्टर्स व्हॉइस, आणि खाली मेड इन इंग्लंड. विकणारा म्हणाला १९०५ चा आहे, एका जुन्या वाड्यातून निघालाय. चावी दिली की फिरतो, आवाजही येतो, थोडा घोगरा आहे पण मला वाटलं जुनं मशीन म्हणजे असाच येणार.

परवा मेहुणा आला होता, त्याने कर्ण्यावर एक टिचकी मारली, पेटी जरा उचलून बघितली आणि हसून म्हणाला डुप्लिकेट आहे. का, तर म्हणे दिसतंय की. आता एवढ्यावर काय समजायचं माणसाने? बाबांना अजून काही बोललो नाहीये, ते रोज फडक्याने कर्णा पुसतात. आजोबांच्या वेळच्या चाळीसेक तबकड्या घरात आहेत, त्याच लावतो.

तर प्रश्न असा की मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्री करता येईल असं काही आहे का? की नुसता चकचकीत आहे म्हणून लोक डुप्लिकेट म्हणतात?

चावीवाला

अष्टकोनी वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधीच उत्तर माहीत झालं, सॉरी, पण खरं तेच सांगतो. कर्ण्याची जुनी मशीन्स जवळजवळ सगळी चौकोनी पेटीची. अष्टकोनी, षटकोनी, गोल असल्या पेट्या या शोभेच्या नकलांचं ट्रेडमार्क आहे म्हणा ना. या नकला गेली कित्येक वर्षं बऱ्याचशा आपल्याकडेच जोडल्या जातात आणि जगभर जातात, बाहेरचे कलेक्टर त्यांना वैतागून क्रॅपोफोन म्हणतात. म्हणजे फसलेले तुम्ही पहिले नाही आणि एकटेही नाही, गोऱ्यांच्या देशातले भलेभले फसलेत.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, स्वतः बघा. आणि एक सांगतो, कर्ण्याकडे सगळ्यात शेवटी बघायचं. माणूस कर्णा बघून भुलतो आणि बनवणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं.

पहिलं म्हणजे टोनआर्म, म्हणजे टोकाला सुई असलेली ती पोकळ नळी, हातात धरून, तबकडी न लावता, सुई वर उचलून अलगद मधल्या खुंटीकडे म्हणजे स्पिंडलकडे न्या. धड बनवलेल्या मशिनात सुईचं टोक स्पिंडलच्या अगदी जवळ येतं. हे काही नशिबाने होत नाही, कंपनीत बसून कोणीतरी हिशोब केलेला असतो की आर्म कुठे बसवायचा, किती लांब ठेवायचा, म्हणजे सुई तबकडीच्या खाचेत सरळ चालेल. नकलेत मात्र आर्म एकीकडचा, मोटर दुसरीकडची, पेटी सुताराने आत्ता केलेली, मग सुई एक तर इंचभर आधीच अडकते किंवा स्पिंडल ओलांडून पलीकडे निघून जाते. मग तबकडी लावून वरून बघा, साउंडबॉक्सची, म्हणजे सुई जिच्यात बसते त्या आवाजाच्या डबीची, गोल चकती खाचेच्या रेषेत दिसायला हवी, बैलगाडी वळताना जू तिरकं होतं तशी तिरकी दिसली तर गडबड आहे.

दुसरं स्क्रू. पेटीवर, आर्मच्या बुडाशी, मागच्या ब्रॅकेटला, कुठेही प्लसचे स्क्रू दिसले आणि ते कोणी नंतर दुरुस्ती करताना घातले नसतील तर १९०५ विसरा. प्लसच्या स्क्रूची पेटंट्सच मुळी १९३६ ची आहेत. जुन्यात सगळे एका खाचेचे.

तिसरं ती पट्टी. १९०५ साली इंग्लंडमधल्या या कंपनीचं नाव होतं ग्रामोफोन अँड टाइपरायटर लिमिटेड, हो, टाइपरायटरपण विकायचे, १९०० ते १९०७ असं ते नाव चाललं. त्यांच्या तबकड्यांच्या लेबलवर तेव्हा कुत्रा नव्हता, लेखणी घेतलेला देवदूत होता, कुत्रा लेबलवर आला १९०९ च्या सुमाराला. तेव्हा १९०५ चं मशीन म्हणायचं आणि समोर ठळक हिज मास्टर्स व्हॉइस मेड इन इंग्लंड, तर निदान दोन्हीतलं एक खोटं आहे. तुमच्या बाबतीत मला तरी दोन्ही वाटतायत.

मोटर बघायची असेल तर विचारा मग सांगतो, त्याला जरा जपून करावं लागतं.

फिरती_तबकडी

चावीवालांशी सहमत, फक्त कर्ण्याबद्दल थोडी भर घालते कारण पितळी कर्णा म्हणजे डुप्लिकेट असं लोक आता सरसकट बोलायला लागलेत आणि तेही बरोबर नाही. सुरुवातीच्या मशीन्सना पितळी कर्णे होते, काळ्या रंगाचा पत्र्याचा कर्णा आणि फक्त तोंड पितळेचं असेही होते. नंतर मोठे, पाकळ्यांचे, रंगवलेले पत्र्याचे आले, लाकडाचेही आले. म्हणजे पितळ असणं हा गुन्हा नाही.

गंमत अशी की पितळी कर्णा लोकांच्या डोक्यात बसला तो त्या कुत्र्याच्या चित्रामुळे. फ्रान्सिस बरॉ नावाच्या चित्रकाराने आधी जे चित्र काढलं होतं त्यात ग्रामोफोन नव्हताच, नळकांडीवाला फोनोग्राफ होता आणि कर्णा काळा होता. चित्र उठावदार व्हावं म्हणून कोणीतरी सुचवलं की कर्णा पितळेचा दाखव, म्हणून हा गेला ग्रामोफोन कंपनीच्या ऑफिसात कर्णा उसना मागायला. तिथल्या मॅनेजरने सांगितलं की फोनोग्राफ पुसून आमचं मशीन काढलंस तर चित्रच विकत घेतो. ही १८९९ ची गोष्ट. तेव्हापासून ग्रामोफोन म्हटलं की कुत्रा आणि पिवळाजर्द कर्णा, आणि नकला करणारे पण मशीनची नक्कल करत नाहीत, त्या चित्राची करतात.

आता कर्णा कसा बघायचा. कडेवरून बोट फिरवा. जुन्या कर्ण्याची कड आत वळवून गोल केलेली असते, हाताला भरीव लागते. पाकळ्यांचे जोड दुमडून सफाईने बसवलेले असतात. नकलेतला पत्रा पातळ, अंगठ्याने दाबला तर डबडब करतो (मेहुण्यांची टिचकी त्यासाठीच असणार), आणि आतून हात घातला तर जोडावर डाग दिलेल्याचे गोळे लागतात. चुंबक लावून बघा. चिकटलं तर पितळ नाहीच, लोखंडी पत्र्यावर मुलामा आहे. पण नाही चिकटलं म्हणून हुरळून जाऊ नका, बऱ्याच नकलांचा कर्णा खऱ्या पितळेचाच असतो, पितळ काही दुर्मिळ वस्तू नाही.

अजून एक, कर्णा आणि आर्म जिथे जोडले जातात तो कोपर बघा. खऱ्या मशिनात साउंडबॉक्सपासून कर्ण्याच्या तोंडापर्यंत नळी हळूहळू रुंद होत जाते, मध्ये कुठे अचानक ठेच नाही. असा निमुळता आर्म १९०३ च्या सुमाराला आला आणि आवाजात जो फरक पडला तो त्यामुळेच. नकलेत त्या जागी नळाच्या फिटिंगसारखा जाडजूड कोपर असतो, कर्णा त्यात नुसता खुपसलेला, फट राहते आणि अर्धा आवाज तिथूनच गळतो. तुमचा घोगरेपणा जुनेपणाचा नाहीये बहुतेक. चांगलं राखलेलं शंभर वर्षांपूर्वीचं मशीन ऐका कधी, खोलीभर आवाज येतो, दचकायला होतं.

रविवार_दुपार

एक विचारू का, राग मानू नका. बाबा खूश आहेत, वस्तू छान दिसते, गाणं वाजतंय. मग ओरिजिनल-डुप्लिकेट करून उगाच कशाला त्यांचा विरस करायचा? तुम्हाला काही परत विकायचंय का? माझ्या मते मेहुण्याला चहा पाजा आणि विषय संपवा.

नवखा_श्रोता

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल दुपारी बाबा झोपल्यावर बघितलं सगळं.

सुई स्पिंडलला लागतच नाही, पट्टी धरून मोजलं तर जवळपास सव्वा इंच पलीकडे जाते. साउंडबॉक्स शेवटी शेवटी चांगलाच तिरका होतो, म्हणजे आता सांगितल्यावर दिसलं, महिनाभर रोज बघून दिसलं नव्हतं. स्क्रू, आर्मच्या बुडाशी तीन आहेत, तिन्ही प्लसचे. पट्टीचे मात्र छोटे खिळे आहेत. पट्टीवरचा कुत्रा नीट बघितला तर मला आता तो कुत्रा कमी आणि वासरू जास्त वाटायला लागलाय, आणि मास्टर्समधला वर लटकणारा तो स्वल्पविरामच नाहीये. चुंबक चिकटत नाही. कडेला बोट फिरवलं तर एका जागी कापलं, थोडंसंच.

रविवार_दुपार, तुमचं पटतं मला, परत वगैरे विकायचं नाहीये. पण खोटं सांगून विकलं याचा त्रास होतोच ना. पेटीच्या आत काय आहे ते बघायची आता फार उत्सुकता लागलीये. चावीवाला, मोटर कशी उघडायची सांगा.

चावीवाला

सव्वा इंच म्हणजे निकाल लागला.

मोटर बघताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा, स्प्रिंगमधला जोर पूर्ण उतरू द्यायचा. ब्रेक सोडून तबकडीचं ताट आपोआप थांबेपर्यंत फिरू द्या, थांबल्यावर हाताने थोडं फिरवून बघा जोर उरलाय का. मगच ताट उचला, मग वरच्या फळीचे स्क्रू काढा आणि चावी पेटीबाहेर काढून ठेवा. स्प्रिंगचा डबा, तो गोल बंद डबीसारखा भाग, तो काही झालं तरी उघडू नका. आत पोलादी पट्टी गुंडाळलेली असते कित्येक फूट, ती सुटली तर बोटं सोलवटून निघतात. मी एकदा शहाणपणा केलाय, अंगठ्यावर अजून खूण आहे.

फळी उलटी केली की काय बघायचं. मोटर फळीवर ज्या भोकांत बसवलीये त्याशिवाय जास्तीची रिकामी भोकं आहेत का, मोटरच्या सांगाड्यावर किंवा फळीवर दोन्हीकडे बघा. चावीचं भोक पेटीच्या बाजूला बरोबर मोटरच्या दांड्यासमोर आहे का की कानशीने वाढवून वाढवून अंडाकृती केलंय. गव्हर्नर बघा, तीन छोटी वजनं पातळ पट्ट्यांवर बसवलेली असतात, मोटर जोरात पळायला लागली की ती बाहेर फेकली जातात आणि एक चकती चामड्याच्या किंवा फेल्टच्या तुकड्यावर घासून वेग आवरते. पोर्टेबल मशीनमधलीच मोटर नकलांमध्ये घालतात, ती हलकी असते. पोर्टेबल म्हणजे सुटकेससारखं, कर्णा पेटीतच लपवलेलं, काळ्या रेक्झिनसारख्या कापडाचं. एचएमव्हीचं १०१ नंबरचं १९२५ ला आलं आणि १०२ नंबरचं १९३१ ला, अशी लाखांनी बनली आणि बऱ्याच बिचाऱ्यांचा शेवट असल्या अष्टकोनी पेट्यांमध्ये झाला.

आणि लाकूड. आतून, खालून बघा. जुनं लाकूड पॉलिश न केलेल्या बाजूला आपसूक काळवंडतं, एकसारखं नाही, हवा लागेल तसं. नकलेत आतूनही गडद पॉलिशचा हात मारलेला असतो नाहीतर सरळ नवं पांढरं लाकूड दिसतं. एमडीएफ दिसलं तर फोटोसुद्धा काढू नका. पॉलिशचा वास येतोय का बघा. जुन्या पेटीला वास असतो ग्रीस, धूळ आणि उंदराचा.

रविवार_दुपार, तुमचा मुद्दा मला एरवी पटला असता. शोभेची वस्तू म्हणून घेतली असती तर मी एक शब्द बोललो नसतो. पण त्यांच्याकडे आजोबांच्या तबकड्या आहेत आणि त्या या मशीनवर रोज लागतायत, माझा जीव तिकडे अडकलाय. साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर असतं, लाँग प्लेच्या सुईवर येतो तो भार जेमतेम दोनचार ग्रॅमचा. एवढं ओझं पोलादी सुईच्या टोकावर येतं, ते खाचेत सरळ चाललं तर तबकडी पिढ्यानपिढ्या टिकते. तिरकं चाललं की सुई खाचेची एक भिंत खरवडत जाते. तबकडी उजेडात तिरकी धरून बघा, शेवटच्या अर्ध्या इंचात काळ्याची राखाडी झालीये का. झाली असेल तर ती परत काळी होत नाही, तेवढं गाणं गेलं.

आणि सुई किती तबकड्यांना एक वापरता?

जुनंते

इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. माझा किस्सा नकलेचा नाही, त्याहून वाईट आहे. मी ज्याच्याकडून घेतलं त्याने मला सगळे सुटे भाग जुने असलेलं मशीन दिलं. चौकोनी ओकची पेटी, जुनी. मोटर जड, ओतीव लोखंडाची, जुनी. साउंडबॉक्स एक्झिबिशन नावाच्या मॉडेलचा, मागे नाव आणि नंबर कोरलेला, अक्षरं धारदार, जुना. प्लसचा एक स्क्रू नाही, चुंबक-बिंबक सगळं पास. मी वरचेवर मिशीला पीळ देत होतो.

सहा महिन्यांनी एक जाणकार काका घरी आले, त्यांनी फक्त पेटीच्या मागची बाजू बघितली जिथे कर्ण्याचा ब्रॅकेट बसतो. ब्रॅकेटखाली लाकडाचा रंग आजूबाजूसारखाच होता! म्हणजे तिथे जर शंभर वर्षं ब्रॅकेट असता तर त्याच्याखालचं लाकूड उजेडापासून झाकलेलं राहून वेगळं दिसलं असतं. आणि त्या ब्रॅकेटच्या जरा वर, मेण भरून बुजवलेली दोन भोकं. ती पेटी मुळात कर्ण्याची नव्हतीच, आतल्या कर्ण्याच्या टेबल मॉडेलची होती, झाकण काढून टाकलेलं आणि बिजागऱ्यांच्या खाचा भरून घेतलेल्या. १९०६ नंतर कर्णा पेटीच्या आत घालायची फॅशन आली ना, तसली. म्हणजे एका चांगल्या खऱ्या मशीनचा खून करून त्याला कर्णा लावला होता, कारण कर्णा असला की गिऱ्हाईक जास्त मोजतं.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे साहेब एक भाग नवीन निघाला तर सांगा. बरोबरच होतं त्याचं!

तेव्हापासून मी भाग जुने आहेत का हे विचारतच नाही, हे भाग एकमेकांना ओळखतात का हे बघतो. झीज जुळते का. चावी जिथे रोज घातली जाते तिथे भोकाभोवती ओरखडे हवेत, ताटावरचं फेल्ट विरलेलं पण ब्रेक नवाकोरा असं नको, निकेलचा मुलामा एका भागाचा उडालेला आणि शेजारच्याचा आरशासारखा असं नको.

फिरती_तबकडी

जुनंते, तुमचं बरोबर आहे पण नवख्यांना घाबरवू नका, उद्या कोणी बदललेली अभ्रकाची चकती बघून अख्खं मशीन डुप्लिकेट म्हणेल. शंभर वर्षांत साउंडबॉक्सचं रबर कडक होणारच, ते बदलावंच लागतं. स्प्रिंग तुटते, फेल्ट कसर खाते, कर्णा पिचतो. माझ्याकडच्या एकाचा कर्णा नवा आहे, घेताना सांगून दिलेला. त्याला मी डुप्लिकेट म्हणत नाही, दुरुस्त म्हणते. सांगून केलं की दुरुस्ती आणि लपवून केलं की लबाडी, एवढाच फरक आहे मला तरी.

आणि साउंडबॉक्सचं राहिलं. जुन्यात पडदा अभ्रकाचा असेल तर तिरका धरला की आत पदर दिसतात, बारीक ठिपके, कुठे एखादी पापुद्र्यासारखी चमक. प्लास्टिक लावलेलं असेल तर ते एकदम निर्मळ दिसतं, काचेसारखं. नंतरच्या साउंडबॉक्समध्ये ॲल्युमिनियमचा पडदा असतो तेव्हा ॲल्युमिनियम दिसलं म्हणून नाव ठेवू नका.

नवखा_श्रोता

उघडलं एकदाचं. जोर उतरवूनच, शपथ.

फळीखाली मोटर लहानशी आहे, माझ्या तळहाताएवढी, तिच्या सांगाड्याला सहा भोकं आहेत आणि तीनच वापरलीत. फळीवर पेन्सिलच्या खुणा, म्हणजे चक्क कोणीतरी पेन्सिलने वर्तुळ काढून मधोमध गुणाकाराचं चिन्ह केलंय आणि भोक भलतीकडेच पडलंय. चावीचं भोक अंडाकृती, तुम्ही म्हणालात तसंच. लाकूड आतून चॉकलेटी रंगवलेलं आणि एका कोपऱ्यात रंग पोचलाच नाही तिथे पांढरं स्वच्छ, कालच रंधलेलं वाटावं असं. पॉलिशचा वास तर झाकण काढल्याबरोबर. उंदीर नाही!

पण एक चांगली गोष्ट, साउंडबॉक्सचा पडदा तिरका धरला तर आत ठिपके आणि पदर दिसतात. मागे काहीतरी कोरलंय पण घासून घासून पुसट झालंय, नंबरातले शेवटचे दोनच आकडे लागतात.

सुईचं काय सांगू, सोबत एक छोटी डबी दिली होती, त्यातली एक लावली, महिनाभर तीच आहे. राखाडीपण बघितली. सहा तबकड्यांना आलीये, बाबांच्या आवडीच्या सहा, कारण त्याच सारख्या लागतात. फार वाईट वाटलं.

चावीवाला

अहो पोलादी सुई एका बाजूला एक. एक बाजू संपली की सुई फेकायची. लाखेच्या तबकडीत मुद्दाम खरखरीत पूड मिसळलेली असते, ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईला खाचेच्या आकाराची घासून घेते, आणि मग तीन मिनिटांची बाजू वाजेपर्यंत सुई संपलेली असते. तीच सुई दुसरीकडे लावली की ती छिन्नी होते. हे कोणालाच कोणी सांगत नाही म्हणून तुम्हाला दोष देत नाही. आणि उलटं म्हणजे चुकूनसुद्धा लाँग प्लेची तबकडी या मशीनवर लावू नका, एका फेरीत नांगरून निघेल.

आता मशीनचं. मोटर पोर्टेबलमधली आहे, माझी खात्री, जुनी आणि खरी, भलत्या घरात नांदतेय एवढंच. साउंडबॉक्सही खरा असावा. बाकी पेटी, कर्णा, आर्म, पट्टी नवं. आर्म सरकवून सव्वा इंच भरून काढता येईल का असं विचाराल, तर माझं मत नाही, कर्ण्याचा ब्रॅकेट, कोपर सगळं सरकवावं लागेल आणि एवढं करून तो आर्म मुळातच ओबडधोबड. शोभेला ठेवा, बाबांना पुसू दे कर्णा. पण तबकड्या त्यावर नकोत.

वाजवायला एखादं साधं पोर्टेबल बघा. काळी सुटकेस, कर्णा नाही, दिखावा नाही, म्हणून त्याची नक्कल करायच्या फंदात फारसं कोणी पडत नाही. घेताना सुई स्पिंडलजवळ जाते का ते बघा, आणि वेग बघा. तबकडीखाली कागदाचा कपटा अर्धवट बाहेर ठेवायचा आणि वीस सेकंदांत तो किती वेळा समोरून जातो ते मोजायचं. २६ झाले म्हणजे मिनिटाला ७८, बरोबर. मोजणी तबकडी वाजत असताना करा, मोकळं ताट काय कोणाचंही फिरतं. बाजूच्या शेवटी पुन्हा मोजा, मोटर थकलेली असेल तर तिथे कळतं, गाणारीचा आवाज गाणाऱ्याचा होत जातो.

रविवार_दुपार

सुईचं वाचून गपगुमान उठलो आणि घरच्या मशीनची सुई बघून आलो. दोन वर्षांपूर्वीची आहे. मी माझे शब्द मागे घेतो.

नवखा_श्रोता

शेवटचं अपडेट. बाबांना सांगितलं सगळं, म्हणजे सांगावंच लागलं, मोटरची फळी उलटी टेबलावर असताना ते उठून आले. मला वाटलं चिडतील. त्यांनी चष्मा लावून ती पेन्सिलची खूण बराच वेळ बघितली आणि म्हणाले, आपल्या घरी होतं त्याला कर्णा नव्हताच रे, काळी पेटी होती, झाकण उघडलं की आतून आवाज यायचा, मी पहिल्याच दिवशी म्हणणार होतो पण तू एवढ्या हौसेने आणलंस. म्हणजे महिनाभर ते मला सांभाळून घेत होते आणि मी त्यांना.

तर आता काळी पेटी शोधायला दोघं मिळून लागलोय. चावीवाला, बघायला गेलो की इथे लिहीनच. पट्टीवरचं वासरू राहू दे म्हणालेत.

एक शेवटचा प्रश्न, त्या सहा तबकड्यांची राखाडी जात नाही हे कळलं, पण बाकीच्यांवर बुरशीचे पांढरे डाग आहेत, ते स्पिरिटने पुसले तर चालतील का? घरात आहे स्पिरिट.

फिरती_तबकडी

नको!! बाटली आधी लांब ठेवा. त्या तबकड्या लाखेच्या आहेत आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार पॉलिश तसंच करतात ना. मऊ फडकं साध्या गार पाण्यात बुडवून घट्ट पिळायचं, डाग हट्टी असेल तर भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब, खाचेच्या दिशेने गोल गोल पुसायचं, लेबलला पाणी लागू द्यायचं नाही, आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून उभ्या ठेवायच्या, उन्हात नाही, वाकतात. आधी एखाद्या नावडत्या तबकडीवर करून बघा.